थर चौदा, थर बावीस

ताशेकचा मूळांक एकोणतीस आला, आणि तो मोठ्यानं वाचून दाखवायचं काम त्याच्याच बायकोचं होतं.

रुझान गेले आठ महिने मेलिक नदीच्या पश्चिम तीरावरच्या तपासणी केंद्रात दुभाषी होती. यंत्रातून चिठ्ठी बाहेर पडे, तंत्रज्ञ चारुशीला मगदूम ती तपासून सही करी आणि रुझान ती खिडकीपलीकडच्या माणसाला त्याच्या भाषेत वाचून दाखवी. आकडा पन्नासच्या वर असला की चिठ्ठी हिरवी; माणूस आपल्या घरात राहणार. खाली असला की लाल. बस आल्या की घर सोडायचं आणि आयोग नेईल तिकडे जायचं. चार हजारांवर लोकांना रुझाननं त्यांचे आकडे सांगितले होते. कुणी रडलं, कुणी शिव्या दिल्या, एका म्हाताऱ्यानं तिच्या हाताचं चुंबन घेतलं होतं. त्या दिवशी मात्र खिडकीपलीकडे तिचा नवरा उभा होता आणि तिच्या हातातली चिठ्ठी लाल होती.

"एकोणतीस," ती म्हणाली. आवाज तिनं रोजच्यासारखाच ठेवला.

ताशेकनं चिठ्ठी घेतली, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. "येताना पाव आण," एवढंच म्हणाला आणि मागच्या माणसाला वाट करून दिली.

रुझान ओर्मेद जमातीची, ताशेक तावीर. तिचा स्वतःचा आकडा सत्त्याहत्तर होता. तिनं राहायचं, त्यानं जायचं.

चारुशीलानं पुढची चिठ्ठी ओढली, पण सही न करता पेन खाली ठेवलं. "रुझान, आज तू घरी जा."

"नको ताई," रुझान म्हणाली. तिनं पुण्यात चार वर्षं राहून बी.फार्म. केलं होतं; मराठी चांगली बोलायची, फक्त लिंगं अजून चुकायची. "हा रांग मोठा आहे. संपवू या."

आर्वाझ खोऱ्याचं भांडण सत्तावीस वर्षांचं. तावीर मेंढ्या पाळणारे, ओर्मेद जर्दाळूच्या बागा करणारे; दोघांच्या भाषा वेगळ्या, शिव्या मात्र सारख्या. हे खोरं आमचं, तुम्ही नंतर आलात, असं दोघंही एकमेकांना सांगत आले होते. पूर्वी हे वाद गावच्या पारावर होत. मग पूर्वेच्या डोंगरात लिथियम सापडलं आणि पश्चिमेच्या खिंडीतून समुद्राकडे जाणारा रस्ता कुणाच्या ताब्यात असावा यावर दोन मोठ्या देशांचा डोळा गेला. एकाला खोऱ्यातले लोक 'उत्तरवाले' म्हणत, दुसऱ्याला 'समुद्रवाले'. उत्तरवाल्यांनी तावीरांना तोफा दिल्या, समुद्रवाल्यांनी ओर्मेदांना ड्रोन दिले, आणि पारावरचं भांडण साठ हजार माणसं घेऊन गेलं.

शेवटी तिसऱ्याच देशातल्या एका शहरात करार झाला. जो आधी आला त्याची जमीन, आणि आधी कोण आलं हे माणसानं ठरवायचं नाही, यंत्रानं ठरवायचं. निकाल अमलात आणायला दोन्ही मोठ्या देशांचा एक आयोग नेमला, आणि यंत्राचं नाव ठेवलं थरवाचक. ते चालवायला दोन्ही बाजूंना चालेल असा तिऱ्हाईत देशाचा तंत्रज्ञ हवा होता. पुण्याच्या प्रयोगशाळेत अठरा वर्षं जुन्या डीएनएवर काम केलेल्या चारुशीलाचं नाव असं पुढे आलं.

यंत्रावर तिचा विश्वास होता आणि तो खोटा नव्हता. खोऱ्याच्या माथ्यावर एक तळं आहे. हजारो वर्षं पावसाच्या पाण्याबरोबर काठच्या गावांची माती, राख, माणसांचे केस, कातडीचा भुगा, सगळं वाहत जाऊन त्या तळ्याच्या तळाशी बसत आलं. चिकणमातीचे कण डीएनएचे तुकडे धरून ठेवतात. थंडगार गाळात ते हजारो वर्षं टिकतात. तळ्यात पोकळ नळी खोल घालून गाळाचा लांब खांब वर काढला तर त्यात वहीच्या पानांसारखे थर दिसतात. या खांबात चाळीस थर होते, एकेक साधारण ऐंशी वर्षांचा. प्रत्येक थरातले तुकडे वाचले की त्या काळी तळ्याकाठी कोण राहत होतं ते कळतं. मग आजच्या माणसाची लाळ घ्यायची आणि त्या थराशी ती शंभरात किती जुळते ते पाहायचं. जो आकडा येईल तो मूळांक. यात भोंदूगिरी कुठेच नव्हती. चारुशीला रोज सकाळी यंत्राची चाचणी घेई, रोजनाम्यावर सही करी, आणि तिच्या सहीशिवाय एकही चिठ्ठी कायद्यानं ग्राह्य नव्हती.

ताशेकच्या चिठ्ठीनंतर आठवड्यानं त्याची आई केंद्रात आली. झेमिला तिचं नाव, वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले, पण पाठ ताठ. तिचाही आकडा आला: एकतीस. रुझाननं तो सासूला सांगितला. म्हातारीनं चष्मा पुसला, लाल चिठ्ठी नीट पाहिली आणि झग्याच्या खिशातून दुसरी चिठ्ठी काढून तिच्याशेजारी ठेवली. ती हिरवी होती. आकडा चौऱ्याहत्तर. शिक्का पूर्व तीरावरच्या केंद्राचा.

"ती म्हणते," रुझान हळूच म्हणाली, "मागच्या महिन्यात ती पूर्वेला लेकीकडे होती. लेकीनं तपासणी करून घेतली, तेव्हा हिलाही ओढून नेलं. ती विचारते की पूल ओलांडताना ती अर्धी कुठं सांडली."

मागच्या रांगेतलं कुणीतरी हसलं. चारुशीला हसली नाही. नमुन्यांची अदलाबदल झाली असणार असं तिला वाटलं. तिनं म्हातारीची लाळ पुन्हा घेतली, तीनदा तपासली. एकतीस, एकतीस, एकतीस. मग तिनं पूर्वेच्या केंद्राकडून मूळ वाचन मागवलं. दोन्हीकडचं वाचन अक्षर न् अक्षर सारखं होतं. माणूस तोच, डीएनए तोच, गाळाचा खांबही तोच.

दुपारभर ती दोन्ही केंद्रांचे रोजनामे समोर घेऊन बसली. यंत्राच्या मुख्य रचनेला आयोगाचं सील होतं, त्याला तिला हात लावता येत नव्हता. पण रोजच्या चाचणीच्या कागदावर अगदी खाली, बारीक अक्षरांत, एक ओळ छापून येत असे: तुलनेचा पाया. आठ महिने ती त्या ओळीखाली सही करत होती. तिच्या केंद्रात तिथं लिहिलं होतं, थर चौदा. पूर्वेच्या केंद्रात, थर बावीस.

चौदावा थर अकराशे वर्षांपूर्वीचा. त्या काळी तळ्याकाठी बहुतेक ओर्मेद होते. बाविसावा साडेसतराशे वर्षांपूर्वीचा. तेव्हा तावीर होते. पुढे कधीतरी दुष्काळ पडला, तावीर वर डोंगरात निघून गेले, ओर्मेद आले, मग तावीर परत आले. दोन्ही थर खरे. पश्चिमेला चौदावा लावला की खिंडीच्या रस्त्यावर ओर्मेद उरतात, म्हणजे समुद्रवाले. पूर्वेला बाविसावा लावला की लिथियमच्या डोंगरावर तावीर उरतात, म्हणजे उत्तरवाले. दोघांना जी सीमा हवी होती ती त्यांनी आधी आखली होती, आणि तिला लागतील ते थर नंतर निवडले होते.

आयोगाचे दोन आयुक्त होते. समुद्रवाल्यांचा हालबर्ग आणि उत्तरवाल्यांचा द्राविन. पत्रकारांसमोर ते एकमेकांकडे पाहतसुद्धा नसत. चारुशीला हालबर्गच्या खोलीत शिरली तेव्हा दोघं एका टेबलाशी चहा पीत बसले होते आणि द्राविन हालबर्गच्या कपात साखर घालत होता.

तिनं दोन्ही रोजनामे समोर ठेवले. हालबर्गनं ते चाळले. त्याला नवल वाटल्याचं दिसलं नाही.

"बाई, थर चौदा चुकीचा आहे का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"थर बावीस?"

"तोही नाही."

"मग तक्रार काय आहे?"

"दोन्हीकडे एकच थर लावा, म्हणजे तक्रार नाही."

"कुठला?" द्राविननं विचारलं. तो सौम्य माणूस होता, आजोबांसारखा बोलायचा. "तुम्ही निवडा. चौदा निवडलात तर पूर्वेच्या सव्वा लाख तावीरांना बाहेर काढावं लागेल. बावीस निवडलात तर पश्चिमेचे नव्वद हजार ओर्मेद जातील. आमच्या हिशेबात सगळ्यांत कमी माणसं हलतात. या कराराच्या कागदामुळे चौदा महिने इथं एक गोळा पडलेला नाही. तुम्ही तो फाडणार, आणि उद्या गोळे पडले तर?"

चारुशीलानं रोजनामे गोळा केले. हालबर्गनं कप खाली ठेवला. "तुम्ही थकला आहात. आठ दिवसांत बदली तंत्रज्ञ मागवतो. तोवर सह्या चालू ठेवा."

बाहेर येऊन ती नदीच्या कठड्यावर बसली. द्राविनचा शेवटचा प्रश्न तिच्या डोक्यातून जाईना. तिनं निपाणीला फोन लावला. अप्पा, तिचे वडील, एकोणऐंशी वर्षांचे, निवृत्त शिक्षक. त्यांनी आधी जेवलीस का विचारलं, मग सगळं ऐकून घेतलं.

"तू लहान होतीस," अप्पा म्हणाले, "तेव्हा शिरगणतीवाला आलेला दारात. मातृभाषा विचारत होता. तुझी आई म्हणाली, मी देवापुढं मराठीत बोलते नि म्हशीला कन्नडात हाक मारते, दोन्ही लिही. तो म्हणाला, अक्का, रकाना एकच आहे. तर ही आत गेली, तुझी पट्टी-पेन्सिल घेऊन आली नि म्हणाली, मग दुसरा आख."

"आखला त्यानं?"

"कुठला आखतोय. पण चहा पिऊन जाईपर्यंत ही त्याच्यासमोर पट्टी धरून उभी होती." अप्पांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "गोळ्यांचं मला सांगता यायचं नाही बघ, चारू. ते काय म्हणतात त्यात तथ्य असंल. पण गोळे पुरवणारे तेच ना? मग ते त्यांनी तुला विचारायचं की तू त्यांना?"

चारुशीला तशीच उठून केंद्रात गेली आणि कराराची प्रत काढून पहिल्या पानापासून वाचायला बसली. एकोणिसाव्या कलमात तिला हवं ते सापडलं. नागरिकानं मागणी केल्यास त्याच्या तपासणीची संपूर्ण नोंद तंत्रज्ञाच्या सहीनं त्याला छापून दिली जाईल. कुणा वकिलानं शोभेसाठी घातलेलं वाक्य. आजवर ते कुणी वापरलं नव्हतं, कारण संपूर्ण नोंद म्हणून काही असते हेच कुणाला माहीत नव्हतं. यंत्र प्रत्येक माणूस चाळीसही थरांशी ताडून पाहत असे. छापत एकच असे.

तिनं रुझानला बोलावलं आणि तिची नोंद छापली. कागदाची लांब पट्टी निघाली, चाळीस ओळींची. चौदाव्या थरात सत्त्याहत्तर. बाविसाव्यात चौतीस. मग ताशेकची पट्टी. चौदाव्यात एकोणतीस, बाविसाव्यात बहात्तर. सातव्या थरात, साडेपाचशे वर्षांपूर्वी, दोघंही अठ्ठावन्न. एकतिसाव्यात, जेव्हा तिथं तिसरेच कुणी लोक राहत होते ज्यांचं नावही उरलेलं नाही, रुझानचा आकडा सहा आणि ताशेकचा पाच.

रुझाननं दोन्ही पट्ट्या टेबलावर शेजारी शेजारी पसरल्या आणि बोट फिरवत ओळ न् ओळ वाचली. वाचता वाचता तिचा चेहरा लाल झाला.

"मी त्याला फक्त एक ओळ वाचून दाखवली," ती म्हणाली. "ताई, चार हजार माणसांना मी एकच ओळ वाचून दाखवली."

"मीही सही केली."

"आता काय करायचं?"

"लोकांनी संपूर्ण नोंद मागायला हवी. मी तिऱ्हाईत, मी मागायला सांगू शकत नाही. तू सांगू शकतेस."

चारुशीलानं पूर्व तीरावरच्या तंत्रज्ञालाही फोन केला. रॉमेल नावाचा फिलिपिनो, अबोल माणूस. तिनं त्याला थरांचं सांगितलं. तो म्हणाला, "मला मार्चपासून माहीत आहे." आणि लगेच पुढे, "माझ्याकडे कागदाची सात रिळं आहेत. उद्या आठला उघडतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी रांगेत पहिली झेमिला होती. तिनं खिडकीवर हात ठेवून कलम एकोणीसप्रमाणे मागणी केली. सुनेनं शिकवलेलं वाक्य घोकून आली होती. तिच्यामागे अकरा माणसं. दुपारपर्यंत तीनशे. तिसऱ्या दिवशी रांग केंद्राच्या फाटकातून निघून पुलापर्यंत गेली आणि पूर्वेकडून येणाऱ्या रांगेला भिडली. कागद संपला तेव्हा दुकानदारांनी आपल्या बिलांच्या यंत्रातली रिळं काढून आणून दिली. चारुशीलानं एका ओळीच्या चिठ्ठ्यांवर सही करणं बंद केलं. ती आता फक्त चाळीस ओळींवर सही करत होती.

पुलावर लोक पट्ट्या ताणून एकमेकांशेजारी धरत होते. ज्यांनी एकमेकांवर गोळ्या झाडल्या होत्या असे दोन पुरुष सातव्या थरातले आकडे जुळवताना चारुशीलानं खिडकीतून पाहिले. ते मित्र वगैरे झाले नाहीत. आकडे पाहून झाल्यावर आपापल्या बाजूला निघून गेले.

सगळ्यांना हे आवडलं नाही. रुझानचा काका हावर्श फाटकात येऊन उभा राहिला. त्याची जर्दाळूची बाग होती, आणि त्याचा एकुलता एक मुलगा तावीरांच्या गोळीबारात गेला होता.

"आम्हाला मिळालं होतं," तो चारुशीलाला म्हणाला. रुझान खाली मान घालून भाषांतर करत होती. "सत्तावीस वर्षांनी कुणीतरी कागदावर लिहून दिलं होतं की हे आमचं आहे. मुलाच्या थडग्यावर मी तो कागद नेऊन ठेवला. तू कोण तो फिरवणारी? तुझा कोण मेला इथं?"

"कुणी नाही," चारुशीला म्हणाली.

"मग?"

"मी खोट्यावर सही केली होती, काका. ती दुरुस्त करते आहे."

हावर्श तिच्या पायाजवळ थुंकला आणि गेला. त्यानं पट्टी मागितली नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

पाचव्या दिवशी आयोगाचे शिपाई आले. तोवर दोन्ही तीरांवर मिळून एकवीस हजार पट्ट्या गेल्या होत्या. यंत्राला कुलूप लागलं. हालबर्ग आणि द्राविन दोघंही केंद्रात आले, एकाच गाडीतून उतरले, आणि ते लपवण्याचीही तसदी त्यांनी घेतली नाही. हालबर्गनं तिच्यापुढे टाइप केलेला कागद ठेवला. यंत्रात तांत्रिक बिघाड झाल्यामुळे गेल्या पाच दिवसांत छापलेल्या नोंदी सदोष आहेत, असं त्यात होतं. खाली तिच्या नावाची जागा.

"सही करा आणि सन्मानानं घरी जा," तो म्हणाला. "नाही केलीत तर तुम्हाला पुन्हा कुठल्याही प्रयोगशाळेत उभं करणार नाहीत. एवढं आम्ही करू शकतो."

ते तसं करू शकत होते, हे तिला ठाऊक होतं.  अठरा वर्षं तिनं दुसरं काही केलं नव्हतं; तिला दुसरं काही येतही नव्हतं. तिनं कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूला मराठीत लिहिलं: मी स्वतः रोज चाचणी घेतली आहे. यंत्र निर्दोष आहे. चाळीसही आकडे खरे आहेत. खाली सही, तारीख, वेळ.

"यात काय लिहिलंय?" द्राविननं विचारलं.

"ती वाचून दाखवेल," चारुशीला म्हणाली.

रुझाननं तो कागद उचलला. आधी इंग्रजीत वाचला, मग ओर्मेद भाषेत, मग तावीर भाषेत. खिडकी उघडी होती आणि बाहेर रांग अजून हललेली नव्हती. शेवटचं वाक्य तिनं दोन्ही भाषांत दोनदा वाचलं.

चारुशीलाला तासाभरात विमानतळाकडे नेलं. रस्ता बसच्या मैदानावरून जात होता. लालवाल्यांना न्यायला त्या दिवशी पहिल्या अकरा बस आल्या होत्या, आणि गाडी तिथं अडकली, कारण मैदान माणसांनी भरलं होतं. बसच्या दारात उभा असलेला अधिकारी चिठ्ठी मागत होता. समोरचा माणूस त्याला चाळीस ओळींची पट्टी देत होता. तिच्यात लाल आकडेही होते, हिरवेही होते. अधिकारी पुढच्याकडे वळला; त्यानंही पट्टी दिली. एका बसमध्ये हिरव्या चिठ्ठीची ओर्मेद माणसं आधीच जाऊन बसली होती आणि उतरायला तयार नव्हती. पायरीवर झेमिला बसली होती, काठी आडवी धरून. तिला ओलांडल्याशिवाय कुणाला वर चढता येत नव्हतं, आणि एवढ्या लोकांदेखत तिला ओलांडायला एकही शिपाई धजत नव्हता. तिच्याशेजारी ताशेक उभा होता. त्यानं गाडीतल्या चारुशीलाला ओळखलं आणि हात वर केला.

हालबर्गनं आपला शब्द खरा केला. पुण्याच्या संस्थेनं चौकशी बसवली, तिचा प्रयोगशाळेचा परवाना काढून घेतला, आणि चारुशीला निपाणीला अप्पांकडे परतली. तिथल्या एका कॉलेजात ती आता बारावीच्या मुलींना जीवशास्त्र शिकवते. तिनं सही केलेला तो मराठी कागद जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आला. त्यामुळे करार मोडला नाही. तो 'पुनर्विचारासाठी' ठेवला गेला, पण बस यायच्या थांबल्या नाहीत. उत्तरेच्या टेकडीवरून दोनदा गोळे आले. पहिल्यांदा जर्दाळूची बाग जळली, दुसऱ्यांदा शाळेचं छप्पर गेलं आणि आतली एक शिक्षिका गेली. त्या बातमीनंतर चारुशीला दोन दिवस नीट जेवली नाही. द्राविनचा प्रश्न तिच्या कानात होता. मग तिनं रुझानला फोन केला आणि सरळ विचारलं, आपण चुकलो का.

पलीकडे खूप गोंगाट होता, मोटारींचे भोंगे, माणसांचे आवाज.

"ती शिक्षिका माझी वर्गातली मैत्रीण होती ताई," रुझान म्हणाली. "तिचं पट्टी मीच काढायला लावलं होतं. काल तिला पुरलं. दोन्ही तीरांचे लोक आले, हावर्शकाकाही आला. कुणी कुणाशी बोललं नाही, पण आले." गोंगाटात तिनं आवाज चढवला. "गोळा टाकणाऱ्यानं टाकला. तू नाही, मी नाही. हे मला आता कुणी उलटं समजावू शकणार नाही."

"आणि हा आवाज कसला?"

"मैदानात आहे. आज पुन्हा बस आल्या. नववी वेळ. आज वीस आहेत."

"मग?"

"मग काय, परत पाठवतोय. थांब जरा." ती फोन बाजूला धरून कुणाला तरी आधी एका भाषेत, मग दुसऱ्या भाषेत काहीतरी ओरडून सांगत होती. मग पुन्हा फोनवर आली. तिचा श्वास फुलला होता. "द्राविन म्हणतो, उद्या तीस आणीन."

"काय सांगितलंस त्याला?"

"सांगितलं, आण," रुझान म्हणाली. "आम्ही इथंच आहोत."